कूस बदलली की

४ जून
शाळेत नवी पुस्तकं मिळाली की मी आणि ताई आधी त्यात नाक खुपसायचो, वाचन नंतर. मदर म्हणायच्या, या दोघी पुस्तकं वाचत नाहीत, हुंगतात. आज चाळीस वर्षांनी त्याच शाळेत ग्रंथालयाची यादी करायला आले. राहायला मागची खोली, स्वच्छ चादर, खिडकीत ऊन. फोनवर ताई म्हणाली, माझी किडनी घेऊन फिरतेस, जपून वापर. दोन वर्षं हाच विनोद. तिला वर्षभरापूर्वी जडलेल्या सांधेदुखीवर आणि माझ्या किडनीसाठी स्टेरॉइडच्या त्याच गोळ्या; दोघींचे चेहरे फुगून सारखेच गोल झालेत.

१९ जून
कोपऱ्यातलं कपाट उघडलं. ओल लागून पुस्तकांवर हिरवट-काळी पूड बसलेली. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला बजावलंय, म्हणून नाकाला रुमाल बांधला. पण तळाशी आमचं निळं कवितांचं पुस्तक निघालं, दोघींची नावं घातलेलं. रुमाल खाली ओढला आणि पोटभर हुंगलं. पुस्तक खोलीवर आणलंय. ताईला दाखवायचंय.

२ ऑगस्ट
थुंकीत रक्त. इस्पितळात छातीचा फोटो काढला. लहानपणच्या क्षयाने फुफ्फुसात लिंबाएवढी पोकळी ठेवली होती; तिच्यात बुरशीचा गोळा वाढतोय. कुशीवर निजवून पुन्हा फोटो काढला. गोळा खाली घरंगळला होता.

कशाचा वास घेतला का, असं डॉक्टरांनी विचारलं. कपाटाचं सांगितलं. पुस्तकाचं सांगायची लाज वाटली.

११ ऑगस्ट
वेगळी खोली. खिडकी उघडायची नाही. फुलंही आत नाहीत. गोळ्या कमी केल्या तर शरीर ताईची किडनी फेकून देईल. चालू ठेवल्या तर बुरशीला रान मोकळं. शस्त्रक्रिया झेपणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. ताई म्हणते, वेडे, जाऊ दे किडनी. मी नाही म्हटलं.

२० ऑगस्ट
उजवीकडे वळले. क्षणभराने तोही वळला. डॉक्टर म्हणतात, असं जाणवत नाही.

२५ ऑगस्ट
पाठीवरच पडून आहे. हलत नाही. तरी तो —

२८ ऑगस्ट
रक्त थांबत नाही. लिहून ठेवते. घड्याळ नर्सबाईंना, त्या रोज कौतुकाने बघतात. छत्री शाळेच्या शिपायाला. शाल भाचीला. निळं पुस्तक कुणालाच नको, जाळा —

भाची आत्ता सांगून गेली. शाळेतली खोली काल रिकामी केली. माझं सामान ताईकडे पोचलं. सगळं.

ताईला फोन करा. पुस्तक उघडू नको म्हणावं. ती वाचायला नाही उघडत, ती आधी —