पाणी कुठवर येतंय

तीर्थरूप आईस, पुण्याहून ज्ञानूचा वाकून नमस्कार.

नोकरी लागली गं! पहिले तीन महिने काम बघतील, मग कायम करतील. करतीलच, तू काळजी करू नकोस.

नुसत्या डिग्रीवर चार महिने एकही फोन आला नव्हता. नेटवर्किंगचं सर्टिफिकेट जोडलं आणि आठवड्यात बोलावणं आलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "निम्म्या ऑफिसचं नेट बंद आहे. कुठून सुरुवात कराल?" मला पुस्तकातलं काहीच आठवेना. डाळिंबात वाकून ठिबक तपासणारी तूच डोळ्यांपुढं आलीस. मी बोलून गेले, "सर, आधी फिल्टर बघीन. मग एकेका नळीचं टोक उघडून पाणी कुठवर येतंय ते बघीन."

"पाणी?"

मी जीभ चावली. पण साहेब हसले, "पद्धत अगदी बरोबर आहे. कुठल्या क्लासला शिकलात?"

"कर्जतला, आमच्या रानात. आईकडं."

आण्णांचा गुडघा कसा हाय? इथं जेवण बरं असतं, भाकरी तेवढी मिळत न्हाई.

सर्टिफिकेटची प्रत सोबत आहे. खाली कोपऱ्यात जागा मोकळी आहे. शिकवणाऱ्याची म्हणून तिथं तुझी सही कर आणि परत पाठव.

तुझीच,
ज्ञानू