कुठलं दार?

प्रिय धाकट्या,

तुझे तीन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर बोललेलं तुझ्याकडे सुखरूप राहत नाही, म्हणून कागद घेतला. रागावू नकोस, रागावायची पाळी माझी आहे.

तुझ्या भाऊजींच्या हाताची पट्टी काल सुटली. बोटं वळतात आता, शर्टाची बटणं मात्र मीच लावते. जळत्या गोदामातून चौघांना ओढून काढणारे हे हात तुमच्या चॅनेलवर कुणी दाखवले नाहीत. तिथे दोन दिवस एकच ओळ फिरत होती: ‘मागचं दार बंद, चावी वॉचमनच्या खिशात असल्याचे समजते.’ त्या दाराशी दोघी गुदमरून गेल्या. त्यातल्या एकीची आई परवा आमच्या जिन्यात येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती यांच्या खिशाकडे बघत होती.

समजते म्हणे! कुणाला समजते रे, आणि कुणाकडून? महिनाभर मी त्या एका शब्दाच्या मागे हात धुऊन लागले. आधी मालकावर संशय घेतला, कारण अंग काढून घ्यायची घाई त्यालाच. मग गोदामाच्या कारकुनावर, त्याचं यांच्याशी कधी पटलंच नाही. शेजारीण एकाएकी गोड बोलायला लागली म्हणून तीही यादीत गेली. तिने दिलेली भाजी मी वास घेऊन बघायचे, बोल आता!

मग अग्निशमन दलाचा अहवाल आला. मागच्या दाराला कुलूपच नव्हतं, बाहेरून खोकी रचल्यामुळे ते उघडलं नाही. तुमच्याकडे त्याची एक ओळ नाही. तेव्हा मी शांत बसून तो दिवस पहिल्यापासून आठवला. दुपारी तुझा फोन आला होता. लहानपणी माझ्या खाऊवर डोळा असला की लावायचास, तोच लाडीगोडीचा आवाज. भाऊजी कुठे आहेत, विचारलंस. मला आगीचा पत्ताही नव्हता. दोन जड पिशव्या घेऊन मी जिन्यात ताटकळत होते. वैतागून म्हणाले, दार बंद आहे आणि चावी यांच्या खिशात. माझ्या घराचं दार, धाकट्या! तू थँक्यू म्हणून फोन ठेवलास. आग लागली आहे, एवढंही सांगितलं नाहीस. ते मला त्याच शेजारणीच्या टीव्हीवर कळलं.

तू चुकीचं ऐकलंस की सोयीचं, हे मला अजून ठरवता येत नाही. कुठलं दार, एवढे दोन शब्द विचारायचे होतेस.

आता हे स्वतःवरच संशय घ्यायला लागलेत. काल जेवताना घास हातात धरून मला विचारलं, माझ्याकडे होती का गं ती चावी? मला फार रडू आलं. चौकशी समितीसमोर त्यांना गुरुवारी उभं राहायचं आहे, आणि या मनाने गेले तर ते ‘होती’ असं म्हणून मोकळे होतील.

म्हणून हे पत्र. पाकिटात आमच्या घराची चावी आहे. गोदामासमोर जिथे उभा राहून ती चावीची ओळ बोललास, तिथेच गुरुवारच्या आत ती कॅमेऱ्यासमोर धर आणि ही कुठल्या दाराची ते सांग. माझं नाव घेऊन सांग. आमच्याकडे ही एकच चावी आहे. ती परत येईपर्यंत आमचं दार उघडंच राहील.

नाव सांगायला हरकत नसलेलं तुझं विश्वसनीय सूत्र,
आणि तरीही तुझीच,
ताई