पान तीनवरचं हवामान

५ जुलै
तिसऱ्या मजल्यावरचे तावडे सकाळीच एक पुस्तिका घेऊन आले. सेंट लुसिया, कॅरिबियन बेट, तिथलं मेडिकल कॉलेज. 'तू लिवतंस, तुका कळता. वाच आणि सांग, आमच्या चेडवाक, ऋतुजाक, धाडू काय?'
पान तीन. इतिहास, भूगोल, हवामान. 'नारळ, केळी, फणस, निळा समुद्र आणि वर्षभर अगदी कोकणासारखं प्रसन्न हवामान.'
वाक्य माझं. मार्चमध्ये कांदिवलीच्या एका ॲडमिशन एजंटाला लिहून दिलेलं. खाली नाव नाही, नशीब.
आधी काय वाटलं ते खरं लिहिते: 'निळा' हा शब्द एजंटाने घुसवलाय, याचा राग आला.
म्हटलं, छान लिहिलंय.

६ जुलै
खरं तर मी सगळं लिहिलं होतं. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळं. केळीच्या बागा आडव्या, घरांची छपरं समुद्रात. एजंट म्हणाला, 'मॅडम, हे आईबापांनी वाचायचंय.' मग मीच खोडलं. इतिहासाचंही तेच. बेट फ्रेंच-इंग्रजांत चौदा वेळा या हातातून त्या हातात गेलं, हे चाललं. गुलामी संपल्यावर मळ्यांत राबायला आपल्याकडची माणसं गोड बोलून, करारावर अंगठे घेऊन, जहाजांत भरून नेली, हे नाही चाललं. त्याचं मी केलं: 'भारताशी जुने ऋणानुबंध.'
आणि दर आठवड्याला पेपरातल्या सदरात दुसऱ्यांच्या ढोंगावर सहाशे शब्द लिहिते मी.

९ जुलै
लिफ्टबाहेर तावडे. सोसायटीतल्या दोन मुली मेडिकललाच, रशियाजवळच्या जॉर्जियाला चालल्यात. ऋ.चंही तिकडेच ठरत होतं. 'पण थंडीत हिचो दमो उठता गो. ह्या बेट बरा. कोकणासारखा.'
म्हणजे एका ओळीवर पोरगी एकटी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तीही ऑगस्टमध्ये, वादळं ऐन भरात असताना.

११ जुलै
एजंटाला फोन. पुढच्या छपाईत वादळांची एक ओळ तरी घाला, म्हटलं.
'मॅडम, वादळ कोकणात पण येतं ना? मग खोटं काय लिहिलंय तुम्ही?'
फोन मीच ठेवला.

१४ जुलै
धीर करून तावड्यांकडे गेले. वहिनींनी घावणे वाढले, त्यामुळे आणखीच अवघड. म्हटलं, तिथे वादळं येतात. मोठी.
'बुकात नाय ता.'
'नसेल छापलं.'
'लिवणारो थंय जावन बघून इलो असतलो मां? तू गेलंस काय?'
'नाही.'
'मगे?'
मी दुसरा घावणा घेतला. तिथेच सांगायला हवं होतं की लिहिणारीही गेलेली नाही, आणि ती…

१५ जुलै
ऋ.ला गच्चीत गाठलं. सगळं सांगितलं. लिहिणारी कोण, तेही.
ती हसली. 'वादळांचं माहितीये मला, काकू. गुगल केलं ना मी. पण तुम्ही लिहिलंय? वाट लागली.'
मग हसू गेलं. 'बाबांना बोलू नका हां. जॉर्जियाला जातायत त्या दोघी शाळेपासून माझ्या श्वासाची नक्कल करतात. पंप काढला की सुरू. अजून सहा वर्षं नाही ऐकायचं मला ते.'
'आणि तिथे काही झालं तर?'
'तर मीच तुम्हाला गप्प राहायला सांगितलं होतं. बस?'
अठरा वर्षांची पोर मला माफी देऊन मोकळी झाली. मी घेतलीही.

१७ जुलै
तावडे दारात. उद्या अकराला कांदिवलीला, एजंटाच्या ऑफिसात सही करायचीय. 'तू पण चल गो. इंग्रजी कागद असतले. तू आसलंस की माका बरा वाटात.'
मी आत शिरले की एजंट 'या मॅडम' म्हणत उठणार. चहा मागवणार. एखाद्या नव्या बेटाचं कामही पुढे करेल, तावड्यांसमोरच.
बरं वाटत नाहीये, असं म्हणता आलं असतं. ओठांवर होतं.
येते म्हटलं.