पंचेचाळीसवरची जागा

आबा, पाय तुमचा चुकला नव्हता. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं सावकाश लिहिता येईल. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा घाई तशी कुणालाच नाही. पण कालपासून मला हे सांगितल्याशिवाय चैन नाही, आणि ज्यांना सांगितलं त्यांना तो नुसता गाडीचा किस्सा वाटला.

शेठच्या बंगल्यावर तुम्ही चालवायचात ती जुनी जर्मन गाडी आता माझ्या दारात उभी आहे. लोणावळ्याचा बंगला विकला गेला तेव्हा धाकट्या शेठचा फोन आला. "ताई, भंगारात द्यायला जीव होत नाही. तुमच्या वडिलांनी सांभाळलेली गाडी, तुम्हीच घेऊन जा." तुमचे जावई म्हणाले, "दारात हत्ती बांधतेस." मी बांधला. रिटायर झालेल्या बाईला काहीतरी उद्योग हवाच असतो.

गाडीत बसले आणि मागच्या सीटवर मोठ्या बाई दिसायला लागल्या, धाकट्या शेठच्या आई. त्यांच्या मणक्याला धक्का चालायचा नाही, म्हणून दर आठवड्याला देहूरोडला बहिणीकडे जायचं ते तुमच्याच हातानं आणि जुन्या हायवेनंच. एकदा काटा पंचेचाळीसवर नेलात की तो देहूरोड आल्याशिवाय हलायचा नाही. कार्ल्याच्या फाट्यावर एसट्या हॉर्न मारत पुढे जायच्या, वऱ्हाडाचे टेम्पो पुढे जायचे, तुम्हाला ढिम्म फरक पडायचा नाही. बाई मागे मांडीवर पातेलं घेऊन मटार सोलायच्या आणि एक दाणा खाली पडायचा नाही. हे तुम्ही घरी जेवताना इतक्यांदा सांगायचात की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "झालं का मटारपुराण सुरू?"

मग गाडी थबकायला लागली. कामशेतच्या आसपास, चांगली चाललेली असताना, मधेच आवंढा गिळल्यासारखी एक क्षण गप्प व्हायची आणि मग पुढे हिसका द्यायची. पहिल्या हिसक्याला पातेलं कलंडलं आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला गाडी लावून सीटखालचे मटार वेचत बसलात. पुण्याच्या गॅरेजनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंपसुद्धा बदलला. जागच्या जागी रेस करून पाहिलं की इंजिन झकास. धाकटे शेठ एक्सप्रेसवेवर शंभरनं पळवून आले, तर एक हिसका नाही. "काका, गाडी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "वय झालं, पाय थकणारच." तुम्ही म्हणालात, "पाय न्हाई थकला, शेठ. गाडीच थबकती. पंचेचाळीसलाच थबकती." सगळे हसले. गाडी काय आकडा बघून थबकते?

शेवटी धाकट्या शेठनी काय ते बघायला मला बोलावलं. मी तेव्हा पिंपरीच्या कारखान्यात मापं तपासण्याच्या विभागात होते, आणि तुम्ही आपल्या गावात, अख्ख्या बेडशाला सांगून ठेवलं होतं, "माजी लेक केसाच्या जाडीचं माप काढती." बंगल्यापासून कार्ल्याच्या फाट्यापर्यंत मी तुमच्या शेजारी बसून गेले आणि आले. गाडीनं दोनदा हिसका दिला. परत आल्यावर शेठसमोर मी म्हणाले, "आबा, आता बास करा. पाय थरथरतोय तुमचा."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. शेठचं तुम्ही मानलं नसतं, पण माझं मानलंत. किल्ली फडक्यानं पुसली, शेठच्या हातात दिली आणि एवढंच म्हणालात, "म्हंजे पाय गेला माजा."

त्यानंतर सहा वर्षं तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नाहीत. गावातल्या बुद्धविहाराच्या पायरीवर कुणी विचारलं की तेच सांगायचात, पाय गेला माजा. त्याच पायानं दर पौर्णिमेला डोंगरातल्या बेडशाच्या लेण्याच्या सगळ्या पायऱ्या चढून वर जायचात, तरुणांच्या आधी, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. दुपारी तुम्ही खाटेवर बसायचात, उजवा पाय विटेवर ठेवून हळूच दाबायचात, तसाच धरून ठेवायचात आणि त्याच्याकडे टक लावून बघायचात. मी दारातून बघायचे आणि मला वाटायचं, म्हाताऱ्याला करमत नाही.

तर आता ऐका. दोन आठवड्यांपूर्वी मी गाडी घेऊन जुन्या हायवेला लागले. कामशेतच्या अलीकडे काटा पंचेचाळीसवर आला आणि गाडीनं आवंढा गिळला. माझ्या मनात काय यावं? की आता माझाही पाय गेला. परत येताना जावयांना चालवायला दिली. ते ऐंशीनं निघाले, काही झालं नाही. "खानदानी पाय आहे तुमचा," म्हणून हसले. मी त्यांना दामटून पंचेचाळीसवर आणलं, तिथंच धरून ठेवायला लावलं, आणि गाडी त्यांच्या पायाखालीही थबकली. मी अशी काही ओरडले की ते घाबरून कडेला थांबले.

लोणावळ्यात बाजाराच्या मागे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझं सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पंचेचाळीसलाच ना? मग पंचेचाळीसलाच बघू." आबा, हे तुम्हाला तेव्हा एकानं जरी म्हटलं असतं! त्यांनी पेट्रोलचा दाब पाहिला, तो बरोबर. हवेच्या पाइपांचे जोड पाहिले, कुठे गळती नाही. मग एअर फिल्टरजवळच्या काळ्या डबीवर बोट ठेवलं. इंजिन हवा ओढतं तशी त्या डबीतली झडप उघडते, झडपेची बारकी काडी एका काळ्या पट्टीवरून सरकते, आणि काडी कुठे आहे त्यावरून गाडी पेट्रोल किती सोडायचं ते ठरवते. डबी कंपनीनं सील केलेली, म्हणून पुण्यातल्या कुणी ती उघडलीच नव्हती.

काल सकाळी चाचा घरी आले. स्वयंपाकाच्या ओट्यावर जुनी चादर अंथरून आम्ही ब्लेडनं सील कापलं. पट्टीला माझा विजेचा, काट्याचा मीटर जोडला आणि मी बोटानं झडप हळूहळू उघडत गेले. काटा छान चढत होता, आणि एका जागी धपकन खाली पडला. जरा पुढे सरकवलं तर पुन्हा वर. दहादा केलं, दहाही वेळा तीच जागा. चाचांनी भिंग धरलं. काळी पट्टी तिळाएवढ्या जागेत घासून पांढुरकी झाली होती; काडी तिथं आली की गाडीचं पेट्रोल तुटायचं.

"ताई, बाकीची पट्टी बघा, नवीन असल्यासारखी," चाचा म्हणाले. "एकाच जागी झिजलीय. काडी वर्षानुवर्षं तिथंच उभी असल्याशिवाय असं होत नाही. कोण चालवायचं ही?"

"माझे वडील."

"त्यांचा पाय हलायचाच नाही का हो?"

मी तिथंच फरशीवर बसले. रडले, आणि रडता रडता हसू यायला लागलं. तुम्ही पाय इतका धरून ठेवायचात, आबा, की त्यानंच पट्टी झिजली. चाचा बिचारे गोंधळून माझ्यासाठी पाणी शोधत राहिले. वीस वर्षं छातीवर धोंडा होता हे मला तो उतरल्यावर कळलं.

नवी डबी मिळते, पण मी नको म्हणाले. चाचांनी पट्टी केसभर सरकवली, आता काडी शेजारच्या कोऱ्या जागेवरून जाते आणि तुमची जागा तशीच आहे. संध्याकाळी देहूरोडपर्यंत पंचेचाळीसनं जाऊन आले. जावयांना मागे बसवून मटार सोलायला लावले. तीन दाणे सांडले, पण तो दोष त्यांच्या हातांचा. येताना बेडशाला वळले. विहाराच्या पायरीवर तुमच्या बरोबरीचे एकच म्हातारे उरलेत, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे पाय चांगला हुता व्हय त्याचा?" मी म्हटलं, "व्हय, लय चांगला हुता."

हे पत्र टाकणार कुठं? गाडीच्या कप्प्यात तुमचं फडकं अजून आहे, त्याखाली ठेवते. पण एक गोष्ट मी चाचांना सांगितली नाही, जावयांनाही नाही. त्या दिवशी तुमच्या शेजारी बसून फाट्यापर्यंत जाताना आणि येताना मी खिडकीबाहेर भाताची खाचरं बघत होते. शेठ म्हणाले होते तेच मी म्हणाले. तुमच्या पायाकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं, आबा.