जयंताच्या गावावर स्वारी

रविवार, १७ मार्च १९९१. पिनर, लंडन.

गुढीपाडवा. आजपासून रोजनिशी लिहिणार. आजपासून सूडही घेणार.

हॅरोच्या हॉलमध्ये महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम. जयंताचा स्लाइड शो: ‘आमचं फ्रान्समधलं गाव’. गावाचं नाव मोंफ्लरी. तिथे त्याचं घर आहे हे या देशातल्या प्रत्येक मराठी माणसाला तोंडपाठ आहे. चर्च, कबुतरखाना, नदी, परत चर्च. स्लाइड पुढे सरकवायचं बटणसुद्धा उल्का दाबत होती. बटणाला बायको लागते! मग एक उंच गोल टॉवर आला. लोकांना माहिती व्हावी एवढ्याच हेतूने मी जागेवरून म्हणालो, हा रोमन टेहळणी बुरूज. जयंता माइकवरून म्हणाला, "श्री, ती पाण्याची टाकी आहे. बासष्ट साली बांधलेली."

नव्वद माणसं हसली. आमची सुलक्षणाही हसली. मी पाहिलं. ती म्हणते खोकला होता.

सोमवार, १८ मार्च

शांतपणे विचार केला. पुण्यात आम्ही एका बॅचला. या देशात एकाच वर्षी आलो. तो ऑर्थोपेडिक सर्जन, कन्सल्टंट. मी ॲनेस्थेटिस्ट, कन्सल्टंट नाही, कारण मला पुढे पुढे करणं जमत नाही. तेवीस वर्षं तो हाडं जोडतो आणि टाळ्या घेतो, मी पेशंटला झोपवतो आणि पेशंट माझं नाव विसरतो. हे मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण टाकी फार झाली.

प्लॅन: मोंफ्लरीला जायचं. तिथे घर घेऊन नऊ वर्षं झाली तरी त्याला न सापडलेलं एखादं ऐतिहासिक स्थळ शोधायचं. शिवाय त्याच्या चुकांची यादी करायची. दिवाळीच्या कार्यक्रमात उभं राहायचं आणि माइकवरून, अगदी हसत, सांगायचं.

शनिवार, ३० मार्च

लायब्ररीतून फ्रेंचच्या कॅसेट्स आणल्या. रोज वीस शब्द.

रविवार, ३१ मार्च

रोज दहा शब्द.

शनिवार, १८ मे

आजवर एकंदर सात शब्द. पण उच्चार उत्तम.

जयंताचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये आठवडाभर या, असं आपणहून लिहिलंय! "तू आलास तर बरं वाटेल." शत्रू स्वतः दार उघडतो आहे. अक्षर मात्र मुंगीएवढं, ओळीच्या शेवटी तर आणखी बारीक. कागदाची एवढी काटकसर? सुलक्षणाने पत्र दोनदा वाचलं आणि उल्काला फोन लावला. तासभर बोलत होती, आणि तिच्या मानाने फारच हळू. काय झालं विचारलं तर म्हणाली काही नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट. मोंफ्लरी.

सकाळची फेरीबोट. कॅले बंदरापासून सहा तासांचा रस्ता, नऊ तासांत पोचलो. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणं मला पहिल्या मिनिटापासून जमलं. तीन वेळा डावीकडे गेली ती फ्रेंच चौकांची चूक. सुलक्षणा "उजवीकडे! अहो उजवीकडे!" एवढंच ओरडत होती. तिला निसर्ग दिसत नाही.

जयंता दारात उभा होता. मिठी मारली. चेहरा मात्र कोरा, जणू मी मीटर वाचायला आलोय. मी वाटेत घोकलेला विनोद सांगितला. हसला नाही. उल्काने चहा केला. त्याच्या कपातला अर्धा बशीत सांडला. एवढ्या मोठ्या सर्जनला कप धरता येत नाही. यादीत टाकलं. क्रमांक एक.

रविवार, ४ ऑगस्ट

गाव पाहिलं. तीस-चाळीस घरं, एक बेकरी, सूर्यफुलांची शेतं, नदीकाठी धुण्याचा दगडी घाट. घाटावर छप्परही आहे, धुणाऱ्या बायांना ऊन लागू नये म्हणून. कल्पना बरी आहे. तसं बोलून दाखवलं नाही.

चर्च बाराव्या शतकातलं, असं जयंता सांगतो. पण इतक्या हळू आवाजात, की दोनदा "काय?" म्हणावं लागलं. आत्मविश्वास ढळलाय. माझ्या येण्याचा परिणाम.

गाडी उल्का चालवते. सकाळी त्याच्या शर्टाची बटणंही तीच लावत होती. काय हा थाट! मी सुलक्षणाला म्हटलं, बघ, याला नवरा म्हणतात. ती म्हणाली, तुम्ही डॉक्टर ना? म्हटलं, म्हणजे काय?

ती उठून उल्काला भाजी चिरू लागायला गेली.

सोमवार, ५ ऑगस्ट

शोध लागला!

कबुतरखान्यामागून एक सरळसोट वाट जाते. इतकी सरळ वाट रोमन लोकांशिवाय कोणी काढत नाही. जयंताच्या नकाशावर तिचं नाव नाही. कोणाला सांगितलं नाही. उद्या एकटा जाणार. कॅमेरा, मोजायची टेप, वही, थालीपीठं.

मंगळवार, ६ ऑगस्ट

रोमन रस्ता दोन मैलांवर एका शेतकऱ्याच्या गोठ्यात संपतो. शेणाच्या ढिगापाशी. तिथे पाच हंस होते. हंस हा प्राणी चित्रातच बरा. मी ट्रॅक्टरवर चढलो. शेतकऱ्याने बरंच काही विचारलं. माझ्या सात शब्दांपैकी एकही त्या प्रसंगाला लागू नव्हता. मग मी "डॉक्टर जयंत" म्हणालो, आणि तो माणूस एकदम विरघळला. घरात जाऊन कोणाला तरी फोन केला, मला दूध दिलं.

तासाभराने जयंता स्वतः चालत आला. उल्का बाजाराला गाडी घेऊन गेली होती म्हणे. पाय घासत, सावकाश, उजवा हात शरीराला चिकटवून. शेतकऱ्याने त्याचे दोन्ही गाल चुंबले, खुर्ची दिली, कोपर धरून बसवलं. मी अजून ट्रॅक्टरवरच होतो. जयंताने हंसांना काहीतरी फ्रेंचमध्ये सांगितलं. ते गेले.

परत येताना मी सतत पुढे, तो मागे. चालण्यात त्याला मी केव्हाच हरवलं आहे. थालीपीठं हंसांनी खाल्ली.

बुधवार, ७ ऑगस्ट

आजचा दिवस माझा!

टेकडीवर पडका किल्ला आहे. सिंहगडाच्या मानाने उंबरठाच. चौघंही गेलो. पायथ्याशी मी म्हटलं, "जयंता, लावतोस शर्यत? सिंहगडावर तू मला मागे टाकायचास." उल्का "नको" म्हणत होती. सुलक्षणाने माझा शर्ट मागून ओढला. जयंता म्हणाला, "चल."

मी पळालो. बावन्नाव्या वर्षी, चामडी बुटांत. वर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण पहिला मीच. खाली पाहिलं. तो पाव वाटेवर एका दगडावर बसला होता आणि उल्का त्याच्यापुढे गुडघे टेकून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती. मी भिंतीवर चढून ओरडलो, "जयंता, येतोस की पालखी पाठवू?" हाक खालच्या दरीत घुमली. त्याने हात वर केला. फोटो घेतला. दिवाळीला मोठ्या पडद्यावर दाखवणार: किल्ल्यावर कोण, पायथ्याशी कोण.

किल्ल्याबद्दल माहिती गोळा करायची राहिली. धाप लागली होती.

सुलक्षणा संध्याकाळपासून बोलत नाही. तिला माझं यश कधीच बघवलं नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

दोन्ही पोटऱ्या धरल्या. पलंगावर. जयंताने येऊन पाय तपासले, बर्फ लावायला सांगितला. त्याची बोटं माझ्या पोटरीवर थरथरत होती. घाबरलाय. यादी आता चौदावर.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

दुपारी जयंता म्हणाला, श्री, जरा चर्चपर्यंत चल, आपण दोघंच. मला वाटलं शरणागती. यादी खिशात घेतली.

आत गार होतं. कोणी नव्हतं. मागच्या बाकावर बसलो. जयंता म्हणाला, "ऑपरेटिंग सोडलं मी. एप्रिलमध्ये. पार्किन्सन्स आहे."

मी समोरच्या खांबाकडे बघत होतो.

म्हणाला, "हॉस्पिटलमध्ये सांगितलं, मुलीला सांगितलं. बॅचपैकी कोणाला नाही. तूच पहिला. तुला सांगायची गरज नव्हती म्हणा. तू दारातच ओळखलंस, मला कळलं. कप सांडला तेव्हा बघत होतास. पण एक शब्द काढला नाहीस."

मी म्हटलं, "छे."

"आणि परवा टेकडीवरून हाक मारलीस ना, पालखी पाठवू का म्हणून. फार बरं वाटलं रे. हल्ली सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतात. उल्कासुद्धा. तू एकटाच पूर्वीसारखा वागलास. शर्यत लावलीस." त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा तसाच कोरा. तो कोरा का असतो ते मला बाकावर बसल्या बसल्या कळलं.

आवाज हळू. अक्षर बारीक. हात हलत नाही, पाय घासतात, बटणं लागत नाहीत. परीक्षेला हाच प्रश्न आला होता. आम्ही दोघांनी मिळून पाठ केला होता, त्याच्या खोलीवर. मला त्याच्यापेक्षा चार मार्क जास्त होते.

त्याने विचारलं, "ओळखलं होतंस ना?"

म्हटलं, "हो. पहिल्याच दिवशी."

दुसरं काय म्हणणार होतो?

मग त्याने चर्च दाखवलं. खांबांवर कोरलेली माणसं आहेत, एक द्राक्षं तुडवणारा, एक मेंढी खांद्यावर घेतलेला. त्याला प्रत्येकाची गोष्ट माहीत आहे. मी "काय?" म्हटलं नाही. जवळ सरकून ऐकलं. बाहेर पडताना पायरी होती. त्याचं कोपर धरलं. म्हणाला, "आता तूपण सुरू करू नकोस." सोडलं.

शनिवार, १० ऑगस्ट. फेरीबोटीवर.

निघताना जयंता फाटकापर्यंत आला. दिवाळीच्या कार्यक्रमात त्याच्या स्लाइड्सवर मी बोलावं, त्याचा आवाज आता मागच्या रांगेत पोचत नाही, म्हणाला. हो म्हटलं. मंडळाचा माइक मला मिळाला.

यादी फाडली. चौदाच्या चौदा लक्षणं होती.

डेकवर सुलक्षणा शेजारी बसली. बुधवारपासून पहिल्यांदा नीट बोलली. जयंतभावजींनी सांगितलं का, विचारलं. म्हटलं, मला ठाऊकच होतं, पहिल्या दिवसापासून. मुद्दाम बोललो नाही, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

ती म्हणाली, "ठाऊक होतं, तर मग त्या टेकडीवर त्यांना पळवलंत कशाला?"

मी म्हटलं, बोट आज फार हलते आहे, जरा आत जाऊन बसतो.

बोट मुळीच हलत नव्हती.