एक गोल झाला ना आमचा

सर, काल वसमतच्या मैदानावर मी एका पोरीला परत आत येऊ दिलं नाही. तिचे सर माझ्यापुढं हात जोडून उभे होते आणि अगदी तुमच्यासारखं बोलत होते, म्हणून आज हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुम्ही असता तर हे बोलले नसतेच म्हणा. तुमच्यावरचा राग तुमच्या तोंडावर काढायची हिंमत मला कधी झाली नाही.

तुम्ही कबड्डीचे माणूस. आपल्या शाळेत जाळीच्या पिशवीतून फुटबॉल आले, ते काही तुम्ही मागितले नव्हते. वरून आले, मुलींचा संघ करा म्हणून हुकूम आला आणि हेडमास्तरांनी ते लोढणं तुमच्या गळ्यात अडकवलं, कारण शिट्टी तेवढी तुमच्याकडं होती. सोबत नियमांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते मांडीवर घेऊन तुम्ही लिंबाखाली बसायचा, एकेक शब्द बोटानं धरायचा आणि आमच्या तोंडावर आमच्याच भाषेत फेकायचा. कॉर्नर म्हणजे वावराच्या कोपऱ्यातून मारायचा बॉल. थ्रो-इन म्हणजे बांधाबाहेर गेलेला बॉल दोन्ही हातांनी डोक्यावरून आत आणायचा. मार्किंग म्हणजे ‘समोरचीच्या पदराला धरून ऱ्हा, ती पाणी प्यायला गेली तर तू बी जाय.’ ऑफसाइडनं मात्र तुम्हाला घाम फोडला. दोन दिवस आम्हाला कधी इकडं, कधी तिकडं उभं केलंत, स्वतःच चिडलात, आणि शेवटी म्हणालात, “बॉल निघायच्या आधी त्यांच्या राखणदारांच्या म्होरं जाऊन उभं ऱ्हायचं न्हाई गं! पंगत बसायच्या आधीच पत्रावळ धरून बसल्यावानी दिसतंय ते. लाजा वाटू द्या जरा!” आम्ही पोट धरून हसलो. पण ऑफसाइड कळलं ते कळलंच. आजही मी शिक्षकांना शिकवताना हीच पंगत सांगते आणि तुमचं नाव घेत नाही.

सब्स्टिट्यूट हा शब्द मात्र तुम्ही एका वाक्यात उरकलात. “दमलेली बाहेर, ताजी आत. आपल्या खेळातल्यावानीच हाय, त्यात काय शिकायचं?” झालं. तिथंच माझं वाटोळं झालं, सर. आपल्या खेळात गडी मरतो, रेघेबाहेर बसतो, आणि आपल्या बाजूनं समोरचा एक मारला की बसलेला गडी जिता होऊन परत मैदानात येतो. हे तुमच्या हाडात मुरलेलं. फुटबॉलमध्ये बदलून बाहेर काढलेली पोरगी त्या सामन्यापुरती गेली ती गेली, हे तुमच्या डोक्यात यायला वाटच नव्हती.

हिंगोलीचा तो सामना मला अजून दिसतो. ऊन मरणाचं आहे, मैदानात गवताची काडी नाही. विभागाच्या संघासाठी पोरी निवडणारे लोक येणार आहेत, आणि त्या संघात घेतलं तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाची दारं उघडणार आहेत, हे तुम्हीच माझ्या आईला घरी येऊन सांगितलेलं आहे. आई चुलीपुढून उठली नव्हती, पण तुमच्या चहात तिनं दुधाची साय घातली होती. आमच्या घरात तेवढं बोलणं पुरे असायचं. मध्यांतर होतं तरी ते निवडवाले आलेले नाहीत. मी चांगली खेळते आहे, दम लागलाय पण खेळते आहे. आणि तुम्ही मला बाहेर बोलावता. “बस सावलीला. ते लोक येईपस्तोर तुला राखून ठेवतो.” माझ्या हातात पाण्याचा तांब्या देता. किती माया होती हो तुमची त्यात! तीच मला नडली.

थोड्या वेळानं ते लोक आले, खुर्च्यांवर बसले. तेवढ्यात आमच्या एका पोरीच्या नडगीला लागून बॉल कसाबसा गोलात गेला. तुम्ही टोपी उडवलीत, माझ्या पाठीत थाप मारलीत आणि ओरडलात, “पळ! जिती झालीस तू! पळ आत!” मी पळाले. शिट्टी वाजली. रेफरीनं मला पिवळं कार्ड दाखवलं आणि हातानं बाहेर काढलं, उकिरड्यावर शिरलेलं कुत्रं हाकलतात तसं. तुम्ही रेघेवर उभे राहून भांडत होता, “काहून न्हाई? एक गोल झाला ना आमचा! मग एक गडी उठल का न्हाई?” सगळं मैदान खदखदून हसलं. खुर्च्यांवरचे लोकही हसले. त्यांनी मला खेळताना पाहिलं नाही, फक्त बाहेर हाकलताना पाहिलं.

गावाकडं येताना पुसेगावच्या बसमध्ये तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसला होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. बोललात तेव्हा म्हणालात, “तुला जरा जरा इंग्रजी येतंय की. पुस्तकात वाचायचं होतं तू.” बस एवढंच. मी दहावीतलं पोरगं, सर! मला स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिताना जीभ बाहेर काढावी लागायची. त्या एका वाक्याला मी मनातल्या मनात इतकी उत्तरं दिली आहेत की ती सगळी ऐकवायची म्हटली तर तुम्हाला माघारी यावं लागेल. आणि आपल्या खेळातला नियम तिकडंही चालत नाही, हे आता तुम्हाला कळलं असेल.

पुढं काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. मी बीपीएड केलं, तासिकेवर लागले, अजून तासिकेवरच आहे. रेफरीची परीक्षा दिली. मैदानावर कुणी हसणार नाही अशी एकच जागा मला दिसली, शिट्टीवाल्याची, म्हणून दिली. माझं लेकरू विचारतं, “आई, तू खेळायचीस का?” मी म्हणते, “शिट्टी वाजवते की!”

काल मी टेबलावर होते. खेळाडू बदलायचे ते माझ्याकडं येऊन सांगायचं. सकाळीच सगळ्या शिक्षकांना उभं करून मी एकेक शब्द फोड करून सांगितला होता, आणि सब्स्टिट्यूट तर दोनदा. बाहेर गेलेली मुलगी परत आत येणार नाही. तांड्यावरच्या शाळेचा तो तरुण मास्तर पहिल्या रांगेत मान हलवत होता, “व्हय मॅडम, व्हय मॅडम.” त्याच्या संघात एक पोरगी होती. काय सांगू तुम्हाला! पायातून बॉल सुटतच नव्हता तिच्या. मध्यांतर झाल्यावर त्यानं तिला बाहेर काढलं. रीतीनं आलेला बदल टेबलावरच्या माणसानं अडवायचा नसतो. मी नंबर लिहून घेतला.

मग त्यांचा गोल झाला. तो धावत आला. “मॅडम, आता जाऊ द्या तिला.”

“नाही जाता येत.”

“काहून? एक गोल झाला ना आमचा.”

मला हसू आलं, सर, आणि हसताहसता डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, “सकाळी सांगितलं होतं ना तुम्हाला?” तर तो म्हणतो, “सांगितलं ना. पण अजिबातच न्हाई, असं कुठं म्हणल्या तुमी?” आणि हात जोडले. “मॅडम, ते निवडवाले आता येऊन राहिले. लेकराचं वाटोळं व्हईल. एवढ्या डाव सोडा.” रेफरी लांब होता, माझ्या शब्दावर चालला असता. पण समोरच्या बाजूलाही अकरा लेकरं होती, त्यांचेही मास्तर माझ्याकडंच बघत होते. मी नाही म्हणाले. तुम्हाला कुणी नीट समजावलं असतं तर, असं मी आयुष्यभर म्हणत आले. काल मीच समजावलं, आपल्या भाषेत, उदाहरणं देऊन. कशाचा काही उपयोग झाला नाही. माणूस ऐकतो तेच, जे त्याच्या अंगात आधीपासून असतं. आता सांगायची शिकवायची हौसच मेली माझी.

हे पाठवायचं नाहीच आहे. तुमच्या घरच्यांच्या हाती पडलं तर त्यांना उगीच तकलीफ. पण एक सांगायचं राहिलं. सामना संपल्यावर ती पोरगी टाकीजवळ बसून बूट काढत होती. बूट शाळेचे, परत द्यायचे असणार. मला बघून विचारलं, “मॅडम, मग आता म्या कवा खेळू?” मी म्हणाले, “पुढच्या वर्षी. मी स्वतः सांगते त्या लोकांना.” तिचं तोंड एवढंसं झालेलं खुललं. सोडलेली नाडी तिनं परत बांधली आणि मैत्रिणीकडं पळत गेली, तिला सांगायला.

ती दहावीत आहे, सर. पुढच्या वर्षी ती शाळेतच नसेल, आणि तांड्याच्या पुढं तिला कोण पाठवतंय. हे बोलताना मला माहीत होतं. तुम्ही मला त्या बसमध्ये असलं काही गोड खोटं सांगितलं नाहीत. तेवढ्यासाठी तरी तुमच्यावरचा राग सोडावा म्हणते, पण तो सुटत नाही.