स्वयंपाकघरातली पिवळी दारं

कोल्हापूर, १४ जून

प्रिय क्रांती,

सप्रेम जयभीम. हे पत्र अण्णांच्या हाती देते आहे. चार वेळा फोन घेतला आणि चारही वेळा खाली ठेवला. प्रसेनजीत फोन स्पीकरवर टाकतो, मागे मोनाची बडबड ऐकू येते, आणि मग माझी जीभच उचलत नाही. तेव्हा तू एकटीनं वाच, आणि मध्येच राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

गेल्या दिवाळीत चहा ठेवताना तू सहज म्हणाली होतीस, की आई, ही कपाटांची दारं पांढरी केली तर इथं दुपारी दिवा लावायला लागणार नाही. तुला आठवतही नसेल. माझ्या मनात मात्र ते बसलं. ती कपाटं घर बांधलं तेव्हाची, प्रसेनजीत पहिलीत होता. सागवान चांगलं, पण वरचा पिवळा ऑइलपेंट तीस वर्षांचा धूर आणि फोडण्या खाऊन मेणचटलेला. अण्णांनी तो कारखान्याच्या वर्कशॉपमधून आणला होता. मशिनींना मारून उरलेला डबा साहेबांनी दिला, म्हणून केवढे खूश झाले होते. पुढच्या वेळी तू येशील तेव्हा उजळ स्वयंपाकघर दिसावं, सासूनं आपलं ऐकलं असं तुला वाटावं, एवढीच माझी हौस होती.

मे महिन्यात तुझं बंगळूरचं ट्रेनिंग निघालं आणि तू मोनाला तीन आठवडे माझ्याकडे ठेवलंस. अण्णा त्याच सुमारास हातकणंगल्याला गेले, धाकट्या भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. रंगाऱ्याला पावसाळ्याआधी सवड नव्हती. मी मोबाईलवर बायका आपापल्या हातानं कपाटं रंगवतात ते बघितलं आणि पॉलिश पेपर, प्रायमर, क्रीम रंग, सगळं घेऊन आले. दुपारी मोना झोपली की घासायला बसायचे. पिवळी भुकटी ओट्यावर, फरशीवर, माझ्या भुवयांवर बसायची. नाकातोंडाला पदर बांधायचे. माझ्या नाकातोंडाला बांधत होते, पोरीच्या नाही, हे आता लिहिताना कळतंय. नंतर केरसुणीनं झाडून घ्यायचे, आणि ती उठली की त्याच फरशीवर वाट्या-चमचे घेऊन बसायची.

माझ्या तोंडून रंगाऱ्याचा विषय निघाला तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, मोना असताना रंगाचं काम काढू नका आई, तिला वास सोसणार नाही. मी म्हटलं, छे गं, ती गेल्यावरच काढणार आहे. तेव्हा तीन दारं बिजागरीतून काढून भिंतीला टेकवलेली होती. वास येतो तो नव्या रंगाचा, तो मी मारतच नाहीये, नुसती घासतेय, अशी मी माझी समजूत घातली.

तो फोटो तुला आठवत असेल. एका दुपारी ती केव्हा उठली, केव्हा मागे येऊन बसली, मला कळलंच नाही. वळून बघते तर दोन्ही तळवे पिवळे, गाल पिवळे, आणि बोटं तोंडात. मला हसू आलं, क्रांती. मी हसले आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. तू विचारलंस, हळद सांडली का? मी लिहिलं, हो, डबाच पालथा केला. तू हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवलीस. ती हळद नव्हती.

तू मोनाला स्टँडवरूनच घेऊन गेलीस त्याला दोन दिवस झाले आणि अण्णा परत आले. तेवढ्यात माझी वरची दारं रंगवून झाली होती. मला वाटलं, कौतुक करतील. त्यांनी खालच्या अर्धवट दारावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले. "जुना रंग घासलास व्हय?" मी हो म्हटलं. "मोना असताना?" ते खुर्ची ओढून बसले. "शालन, त्यो मशिनीचा रंग हाय. शिसं असतंय त्यात. आमचा स्प्रे मारणारा अमरसिंह, त्याचं मनगाट उचलंना झालंतं, म्हायती हाय की तुला." मला माहीत होतं. त्याच्या बायकोला भेटायला मी स्वतः गेले होते. पण आपल्या कपाटाचा आणि त्याचा संबंध कधी मनातच आला नाही.

अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं तोलली मी. पोराच्या तोंडात काय जातंय तिकडे लक्ष ठेवा, असं किती आयांना दरडावलं असेल.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. मोना जेवत नाही, पोट कडक लागतंय, सारखी किरकिर करते, डॉक्टर म्हणाले दाढा येत असतील. मी पण म्हटलं, दाढाच असतील. फोन ठेवला आणि अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, आत्ताच्या आत्ता तिला खरं सांग. मी त्यांचे हात धरले. आधी माझं रक्त तपासू द्या, माझ्यात काही निघालं नाही तर पोरीत कुठून निघणार, उगाच तिचा जीव टांगणीला कशाला. खरं कारण ते नव्हतं. तू मोनाला पुन्हा माझ्याकडे ठेवणार नाहीस, याची मला भीती वाटत होती. नमुना बाहेरगावी जातो, रिपोर्टला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी तुझ्या पोरीचे घालवले.

रिपोर्ट काल आला. माझ्या रक्तात शिसं निघालं, असायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त. मी मोठी आहे, पदर बांधून बसले होते, तरी. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानंच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, लहान पोराच्या अंगात ते लवकर भिनतं, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि वरवर बघून दाढा का शिसं हे कुणालाच सांगता येत नाही. वेळेवर कळलं तर उपाय आहेत. पण रक्त तपासायलाच हवं, थांबायचं नाही.

त्यासाठी हे पत्र. पाकिटात त्यांची चिठ्ठी आहे, कुठली तपासणी करायची ते त्यात लिहिलंय, माझा रिपोर्टही जोडला आहे. तुमच्या डॉक्टरांना दोन्ही दाखव आणि ती हळद नव्हती हे स्पष्ट सांग, माझं नाव घेऊन सांग. अण्णा तुझ्यासमोर बसले असतील, त्यांना काही बोलू नकोस, त्यांचा यात दोष नाही. त्यांना बरोबर ने. सुई टोचताना मोना त्यांच्या मांडीवर जरा शांत बसते. तिला पुन्हा इकडे पाठवायचं नाही असं तू ठरवलंस तर मी एका शब्दानं विचारणार नाही. फक्त निकाल काय येईल तो मला कळव, वाईट असला तरी. आता पत्र ठेव, पोरीच्या पायात चप्पल घाल आणि निघ.

तुझीच,
आई